गळक्या डोंगरातली तळी

आमच्या डोंगरात तळं नाही. म्हणजे निसर्गानं स्वतःहून केलेलं नाही. माणसांनी केलेली आहेत, भरपूर आहेत, आणि त्यातलं एक तर माझ्या मायनं केलंय असं मी बिनधास्त सांगते. पण त्याआधी निसर्गानं इथं हात का आखडता घेतला, ते पाहायला हवं.

दिंद्रुड घाटाखालचं गाव. बीडहून परळीला जाताना वडवणी, तेलगाव गेलं की दिंद्रुड, मग पुढं सिरसाळा. शिवार काळं, खोल. कापूस, सोयाबीन, आणि ज्याला पाणी त्याचा ऊस. उत्तरेला गोदावरी. तिच्या काठच्या पट्ट्याला आम्ही गंगथडी म्हणतो. दक्षिणेला बालाघाट. पावसाळा सरून हवा धुतली गेली की त्याची कड दिसते, आणि ती जवळजवळ सपाट असते. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत पोरं काढतात तसली टोकं तिला नाहीत. माझं माहेर त्या कडेच्या वर, धारूरच्या डोंगरपट्ट्यात. सासर इथं खाली. सोयरीक जुळवताना 'पोरगी घाटावर द्यायची का घाटाखाली' हा प्रश्न आमच्याकडं हुंड्याच्या आधी निघतो, कारण डोक्यावर किती हंडे येणार ते त्यातच कळतं. मी घाट उतरून आले, म्हणून माहेरच्या बायका मला नशिबाची म्हणत.

पुढं मी शाळेत भूगोल शिकवला. पुस्तकात 'सरोवर' आलं की वर्गात एक तरी पोरगं विचारायचं, 'बाई, आपल्या डोंगरात का नाही?' प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर तेलगावहून धारूरला चढताना घाटातच मिळतं. रस्त्यासाठी डोंगर जिथं कापलाय तिथं बघा. खाली काळा कठीण दगड, त्यावर भुसभुशीत मुरूम, कुठं कुठं विटकरी मातीचा पट्टा, त्यावर पुन्हा काळा दगड. एकावर एक थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला, थंड झाला. काही काळानं पुन्हा आला. असे लोटामागून लोट साचून दख्खनचं पठार तयार झालं. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्री त्याची पश्चिमेची उंच कड, आणि हरिश्चंद्रगडापासून फुटून आग्नेयेला आलेला फाटा म्हणजे हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग. गोदावरी आणि भीमा यांची खोरी ती वेगळी करते. म्हणजे आमचा डोंगर वर उचलला गेलेला नाही. पठार होतं, त्यातलं बाकीचं नद्यांनी खरवडून नेलं आणि जे राहिलं त्याला आम्ही डोंगर म्हणतो. माथे सपाट आहेत ते त्यामुळं.

तळं व्हायला तीन गोष्टी लागतात. पाणी यायला हवं, ते साचायला खोलगा हवा, आणि तो खोलगा गळका नको. पहिली गोष्ट आमच्याकडं जेमतेम. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उघड्या पाण्यावरून वर्षभरात ऊन जेवढं पाणी उडवतं ते त्याहून कितीतरी जास्त. दुसरी गोष्ट नद्यांनी घालवली. नदीला वेळ दिला की ती वाटेतला खळगा एक तर गाळानं भरते किंवा त्याचा उंबरा कापून त्याला रिकामं करते. आमच्या नद्यांना कोट्यवधी वर्षं मिळाली. खोलगे कुठून उरणार?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला चिरा पडतात. विहीर खोदणाऱ्याला हे भूगोलाच्या बाईपेक्षा चांगलं माहीत असतं. तो चिरेलाच पाण्याचा झरा म्हणतो आणि चीर लागेपर्यंत सुरुंग लावत राहतो. माथ्यावर पडलेलं पाणी मुरमातून, चिरांतून खाली उतरतं, कठीण थराशी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. बीडजवळच्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीपाशी, पाणी कड्यावरून कोसळतं. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी एकदम खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. श्रावणात दोन्हीकडं जत्रेसारखी गर्दी उसळते. आमच्या डोंगराचं पाणी बघायचं ते असं, निघून जाताना.

निसर्गानं केलेली डोंगरातली तळी कशी असतात ते माझ्या पुतण्यानं आम्हाला दाखवलं. तो फौजेत आहे. लडाखला नेमणूक होती तेव्हा त्यानं मोबाइलवर पँगाँगचा फोटो पाठवला. निळं पाणी, उघडे तपकिरी डोंगर, आणि पाण्याच्या कडेला जाड जाकिटात उभा असलेला आमचा पोरगा. सासूबाईंनी फोटो दूर धरून, जवळ धरून पाहिला.

"एवढं पाणी! ह्ये प्यायला येतं का रं?"

"नाही आज्जी, खारं हाय."

"मंग रानाला?"

"रानालाबी नाही."

"मंग कशाला ठिवलंय?"

तो पोट धरून हसला, पण प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. पँगाँग सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे, १३० किलोमीटरहून लांब आहे, आणि त्यातलं पाणी वाहून कुठंच जात नाही. एके काळी ते श्योक नदीकडं जायचं. वाट बंद झाली तशी आलेल्या पाण्याला वर जाण्याखेरीज मार्ग उरला नाही. वाफ उडते, मीठ मागं राहतं. वाट मोकळी असलेलं तळं गोडं राहतं आणि कोंडलेलं खारं होतं, हा नियम जगभर बहुतेक ठिकाणी लागू पडतो. दिंद्रुडपासून एका दिवसात जाता येईल अशा ठिकाणीही तो दिसतो, त्याकडं येतेच.

हिमालयातली बहुतेक तळी मात्र बर्फानं कोरलेली. हिमनदी उतरताना दगडधोंडे सोबत घेऊन डोंगर खरवडते, बशीसारखा खड्डा करते, आणि वितळत मागं हटताना त्या धोंड्यांचा ढीग खड्ड्याच्या तोंडाशी टाकून जाते. तो ढीगच बांध. बर्फाखाली दगड दळून पिठासारखा बारीक होतो, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, उजेड विखुरतं, आणि पाणी निळं-हिरवं दिसतं. कॅलेंडरवरच्या तळ्यांचा तो रंग कॅमेऱ्याची करामत नसते. आमच्याकडं तसला रंग येणार नाही, कारण आमच्याकडं दळणारं बर्फ कधी नव्हतं. आमच्या पाण्यात काळ्या रानाची चिकणमाती असते. आषाढात ते चहासारखं दिसतं आणि दिवाळीनंतर गाळ बसला की कुठं आकाश त्यात उमटतं.

डोंगरातल्या तळ्याचं देखणेपण सगळे सांगतात. ते धोक्याचंही असतं, हे सांगायला हवं. धोंड्यांचा ढीग म्हणजे काही पक्का बांध नव्हे. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर चोराबारी ताल फुटला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं. यातली मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारी हकिगत मात्र जुनी आहे, आणि ती मी वर्गात दरवर्षी सांगायचे.

सप्टेंबर १८९३. गढवालमध्ये बिरही गंगेच्या खोऱ्यात गोहना नावाच्या गावाजवळ अख्खा कडा नदीत कोसळला. नदी अडली, मागं पाणी चढू लागलं, आणि शेकडो फूट उंच ढिगाऱ्यामागं एक नवंच सरोवर तयार झालं. लेफ्टनंट कर्नल पुलफर्ड नावाच्या इंजिनियरनं पाहणी केली. पाणी किती वेगानं चढतंय ते पाहून त्यानं गणित मांडलं, की पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला ढिगाऱ्यावरून पाणी ओसंडेल. मग सरकारनं केलं काय, तर निरोप पाठवायला तळ्यापासून खाली हरिद्वारपर्यंत तारायंत्राची तार टाकली. वाटेतले झुलते पूल आधीच काढून ठेवले. नदीकाठी कुठपर्यंत पाणी येईल त्याच्या खुणा रोवल्या आणि लोकांना त्या खुणांच्या वर हलवलं. २५ ऑगस्ट १८९४ ला पाणी ओसंडलं, मध्यरात्री बांध फुटला. गढवालचं श्रीनगर गाव धुऊन गेलं. पण माणसं मेली पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांना हलवलं होतं, ते परत आले होते. तळ्याचा उरलेला भाग पुढं १९७० च्या पुरात गाळानं भरून संपला.

पोरांना यातला पूर आवडायचा. मला तार आवडते. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, रस्ते नसलेल्या डोंगरात, तळं फुटणार म्हणून आधी तार ओढली गेली होती.

आता आमच्याकडं वळू. निसर्गानं खोलगा दिला नाही, तर माणसानं तो केला. पण दगड गळका असल्यामुळं इथं दोन प्रकारची माणसं झाली. एकांनी गळतीशी भांडण काढलं. दुसऱ्यांनी तिच्याशी जुळवून घेतलं.

भांडणारे म्हणजे किल्लेवाले. धारूरचा किल्ला आमच्या घाटाच्या अगदी माथ्यावर, सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधलेला, लवकरच निजामशाहीच्या मुर्तजानं जिंकलेला. तीन बाजूंनी दरी. वेढा पडला तर आत पाणी पाहिजेच. तिथं गोडी दिंडी आणि खारी दिंडी अशा नावाचे पाणसाठे आहेत, आणि लहानपणी आम्हा पोरींना एकाचं पाणी गोड नि दुसऱ्याचं मचूळ कसं, याचं भारी नवल वाटायचं. डोंगरी किल्ल्यांवर तळं खोदण्यामागं दुहेरी हिशेब असायचा: तटबंदीला दगड लागतो, तो जिथून काढायचा तिथंच पाण्याचा खड्डा होतो. रायगडाच्या गंगासागराबद्दलही हेच सांगतात. त्याच रायगडावर हत्ती तलाव आहे. तो चिरांतून गळायचा आणि पावसाळ्यानंतर कोरडा पडायचा. गळती शोधून बुजवली, तेव्हा कुठं २०२० च्या पावसाळ्यात तो भरलेला दिसला. एवढ्या मोठ्या राजधानीचा तलाव, बांधणारे एवढे जाणते, तरी दगडानं आपला गुण दाखवलाच.

थंड हवेच्या ठिकाणी जी तळी बघायला लोक जातात तीही बहुतेक बांधलेलीच. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवला. कासचा तलाव साताऱ्याला पाणी देण्यासाठी. तिथं नुसत्या उतारावर पाणी शहरात येतं, पंप लागत नाही. सातपुड्यात तोरणमाळला यशवंत तलाव आहे. हजार मीटरहून उंच पठारावर, चहूकडून टेकड्यांच्या मध्ये. महाराष्ट्रात 'डोंगरातलं तळं' या शब्दांना सगळ्यात जास्त शोभणारं ठिकाण मला विचाराल तर तेच. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, तेव्हा आदिवासी पाड्यांवरून लोक चालत येतात. उलट महाबळेश्वरला वेण्णेवर घोडे, भेळ नि होड्या. आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या बायका त्या मुलखात कारखान्यांवर सहा-सहा महिने असतात. त्यातल्या एकीनं ट्रॅक्टर बंद होता त्या दिवशी वेण्णा तलाव पाहिला होता. तिला विचारलं, कसं होतं? म्हणाली, "लई गार. पर बाई, तितं पाण्यावर बसायचे पैशे घेत्यात."

जुळवून घेणाऱ्यांची गोष्ट माझ्या घरातली.

१९७२ ला पाऊस गेला. त्याआधीची दोन वर्षंही ओढगस्तीचीच होती. माहेरच्या डोंगरपट्ट्यात ज्वारी दाण्यावर आलीच नाही. बैल मातीमोल विकले. मी तेव्हा लहान, पण मिलो आठवतो: परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. आणि सुकडी आठवते. ती गोड असायची, म्हणून आम्हा पोरांना दुष्काळ तितकासा वाईट वाटला नाही. मायबाप 'दुष्काळी कामावर' जायचे. कुठं खडी फोडायची, कुठं रस्ता, कुठं नाला बांध. आमच्या डोंगरात पाझर तलाव. राज्यभर अशा कामांवर मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं होती. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांनी लावून धरली होती. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढं सगळ्या देशानं घेतलेल्या रोजगार हमीचं मूळ तिथं आहे. पण मायला कायदा माहीत नव्हता. तिला मस्टर माहीत होतं, हजेरी माहीत होती, मुकादमाचा आवाज माहीत होता.

पाझर तलाव कसा बांधतात ते मला पुस्तकानं शिकवलं नाही. मायनं सांगितलं. आधी ओढ्याच्या आडवा खंदक घ्यायचा, कठीण दगड लागेपर्यंत. तो काळ्या चिकण मातीनं भरायचा, म्हणजे बांधाच्या बुडातून पाणी पळत नाही. मग त्यावर बांध चढवायचा: पोटात काळी माती, दोन्ही बाजूंनी मुरमाचं अंग. माती टाकली की पाणी मारायचं, धुम्मस घालायचं, रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. घाई केली की बांध पोकळ राहतो. पाण्याच्या बाजूला दगड बसवायचे, त्याला पिचिंग म्हणायचं. हा इंग्रजी शब्द मायच्या तोंडून इतका सराईत यायचा की मला तो गावातलाच वाटला. एका कडेला सांडवा, जास्तीचं पाणी जायला. सांडवा चुकला तर सगळं चुकलं, कारण मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही. गोहनाच्या ढिगाऱ्याचं जे झालं तेच.

बायकांकडं पाट्या. माती भरणारा गडी एक, वाहणाऱ्या बायका चार-पाच. झाडाला झोळ्या, झोळीत लेकरं. माझी धाकटी बहीण त्यातल्या एका झोळीत होती. माय म्हणायची, "तळं पाण्यानं भरायच्या आधी आमच्या घामानं भरलं व्हतं." असं वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं तर मी लाल शाईनं खूण केली असती. पण ती बोलताना डोक्यावरच्या चुंबळीची जागा हातानं दाखवायची, तिथले केस विरळ झालेले. मग काही म्हणता यायचं नाही.

आता यातली खुबी पाहा. या तलावाला कालवा नाही, नळ नाही. बांधाच्या बुडात पाणी पळू देत नाहीत, पण तलावाच्या पोटात त्याला मोकळीक असते. ते हळूहळू मुरमात, चिरांत उतरतं आणि डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींना फुटतं. किल्लेदारानं जिच्यापुढं हात टेकले तीच गळती इथं कामाला लावली. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पाझर तलाव कोरडा दिसला की तो वाया गेला असं समजू नये. पाणी गेलंय कुठं ते खालच्या विहिरीत डोकावून पाहावं. ज्या मजुरांनी घाटावर माती वाहिली, त्यांच्या तलावाचं पाणी बऱ्याचदा घाटाखालच्या मळ्यांना मिळालं, हेही खरं. त्यावर माहेरचे लोक अजून बोलतात. मी सासर-माहेर दोन्हीकडची, म्हणून गप्प बसते.

निसर्गानं केलेल्या तळ्याची गोष्ट राहिली. ते लोणार. शाळेची सहल आम्ही माजलगाव, परतूर, मंठा करत तिकडं नेली. लोणार डोंगरात नाही, सपाट पठारात आहे, पण कडेवर उभं राहिलं की दरीच्या काठावर आल्यासारखं वाटतं. जवळजवळ गोल, १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, खोली दीडशे मीटरच्या आसपास. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. त्याच्या कितीतरी आधीपासून लोणारला लवणासुराची कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ आहे. हा ज्वालामुखीचा खड्डा असावा असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. १९७० च्या दशकात खडकात प्रचंड आघातानंच बनणारी काच सापडली आणि उल्केचा आघात पक्का झाला. आघात कधी झाला त्यावर मात्र भांडण आहे: एका पद्धतीनं सुमारे ५० हजार वर्षं निघतात, दुसऱ्या पद्धतीनं ५ लाख ७० हजार.

आमच्याच काळ्या दगडात, आमच्याच थरांत हे तळं आहे. नद्यांनी, बर्फानं जे केलं नाही ते आकाशातून आलेल्या एका धोंड्यानं केलं. आणि पाण्याला बाहेरची वाट नसल्यामुळं पँगाँगचा नियम इथंही लागू. पाणी इतकं क्षारी की त्याचा सामू दहाच्या घरात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावरचे क्षार गोळा करायचे. प्रतीप्रमाणे त्यांना डल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. त्याच खड्ड्याच्या कडेला गोमुखाची धार बारा महिने वाहते, आणि ती गोड. चिरांतून आलेलं ते ताजं पाणी आहे. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा गावोगाव फोटो फिरले, कुणी शकुन सांगितला, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी कमी होऊन क्षार वाढल्यावर मिठात जगणारे सूक्ष्म जीव माजले होते, त्यांचाच तो रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सहलीतल्या एका पोरानं पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि थुंकत म्हणाला, "बाई, आज्जीला सांगा, ह्येबी प्यायला येत न्हाई." सासूबाईंची गोष्ट मी वर्गात सांगितली होती, ती अशी परत आली.

मग तळ्याची ओढ कशाची? सासूबाईंच्या कसोटीला पँगाँग उतरत नाही, लोणारही उतरत नाही, तरी लोक तासन् तास बघत बसतात. माझ्यापुरतं सांगते. डोंगरात सगळं उतरणीला लागलेलं असतं: दगड, माती, पाणी, गुरं, कामाला निघालेली माणसं. तळं तेवढं आडवं असतं. डोळ्याला टेकायला जागा मिळते. मायच्या तलावावर मी भाद्रपदात जाते. सांडव्यावरून बोटभर पाणी वाहत असतं, भरावावर तरवड फुललेला असतो, पलीकडं कुणाची तरी म्हसरं मानेपर्यंत पाण्यात. पोहायला मात्र पोरांना जाऊ देऊ नये. तळाला गाळ असतो, गाळात पाय रुततो, आणि मुरूम काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात यानं घर बसतं.

हिवाळ्यात पाहुणे येतात. मोठ्या जलाशयांवर जास्त, पैठणच्या नाथसागरावर तर थव्यांनी. त्यात चक्रवाक असतो आणि पट्टकदंब असतो: राखी अंग, पांढरं डोकं, त्यावर दोन काळे आडवे पट्टे. पट्टकदंब उन्हाळ्यात लडाखच्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून खाली उतरतो. उडताना सात हजार मीटरहून जास्त उंचीवर त्याची नोंद झालेली आहे. पुतण्याला मी सांगितलं, तू तिकडं जे पक्षी बघतोस तेच माघात आमच्याकडं येतात, आणि त्यांना सुट्टी मंजूर करून घ्यावी लागत नाही.

गाळाचं मात्र अवघड आहे. पन्नास वर्षांत डोंगराची माती वाहून येऊन बहुतेक पाझर तलाव निम्मे बुजले. चिकण गाळाचा थर बसला की पाझरही मंदावतो, म्हणजे तलाव भरलेला दिसतो आणि विहिरी कोरड्या राहतात. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. जेसीबी तलावात उतरतं, शेतकरी आपापले ट्रॅक्टर लावून गाळ रानात नेतात. हलक्या मुरमाड रानात हा गाळ पडला की कपाशी दोन-तीन वर्षं जोमानं येते. माहेरी भावानं नेला. त्यात त्याला नांगरताना लोखंडी पाटीची गंजलेली कड सापडली. ती मायच्याच वेळची असावी असं त्याचं म्हणणं, मला तसं ठामपणे सांगता येत नाही. वहिनीनं ती भंगारात घातली. या कामाला घाई फार असते. मार्चमध्ये तलाव आटतो, एप्रिलात गाळ ट्रॅक्टर पेलण्याइतका वाळतो, आणि मेअखेर वळवाचा एक पाऊस पडला की चाकं रुततात. मग राहिलेला गाळ पुढच्या उन्हाळ्यावर, आणि डिझेलचा भाव तोवर काय होईल त्यावर.